कोलेयानची कथा आणि स्क्रेफ्सरूदची लेखणी : संताळी मौखिक परंपरेच्या मिशनकालीन लेखनाचा विचार

सन १८८७ मध्ये संताळ परगण्यातील बेनागडिया येथील मिशनच्या छापखान्यातून 'होडकोरेन मारे हापडामको रेयाक् काथा' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. संताळ स्वतःला 'होड', म्हणजे माणूस, म्हणवतात. तेव्हा पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'होडांच्या प्राचीन पूर्वजांची कथा' असा होतो. विश्वोत्पत्ती, स्थलांतरे, कुळांची निर्मिती, जन्म-विवाह-मृत्यूचे विधी, सण, शिकार, न्यायनिवाडा असा संताळ जीवनाचा सारा विस्तार त्यात आला आहे. कथन आहे कोलेयान नावाच्या एका वृद्ध गुरूचे. ते ऐकून उतरवून घेतले लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूद या नॉर्वेजियन मिशनऱ्याने, तेही १८७०-७१ मध्ये. कथन आणि मुद्रण यांत सोळा वर्षांचे अंतर आहे.

पदव्युत्तर वर्गात लोकसाहित्य शिकवताना मी या पुस्तकाचा उल्लेख करतो, तेव्हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा लेखक कोण मानायचा? वरवर भाबडा वाटणारा हा प्रश्न तसा नाही. 'लीळाचरित्रा'त बोल चक्रधरांचे आणि संकलन म्हाइंभटांचे, हे आपण सहज स्वीकारतो. बहिणाबाईंच्या ओव्या घरातल्या माणसांनी लिहून ठेवल्या, हेही आपल्याला खटकत नाही. कारण ऐकणारा आणि सांगणारा तेथे एकाच श्रद्धेच्या किंवा एकाच घराच्या आत उभे आहेत. कोलेयान आणि स्क्रेफ्सरूद यांच्यात तसे नव्हते. जी श्रद्धा बदलावी म्हणून हा श्रोता समुद्र ओलांडून आला होता, तीच श्रद्धा तो मन लावून टिपून घेत होता.

या श्रोत्याचे पूर्वायुष्यही ध्यानात घ्यावयास हवे. स्क्रेफ्सरूद (१८४०-१९१०) हा कारागीर वर्गातला. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात त्याला तुरुंगवास घडला आणि तुरुंगातच त्याला धर्माची व भाषांच्या अभ्यासाची ओढ लागली. जर्मनीतील गोस्नर मिशनमार्फत तो हिंदुस्थानात आला. पुढे त्या मिशनपासून फारकत घेऊन त्याने डॅनिश सहकारी हान्स पीटर बोरेसेन यांच्यासह १८६७ मध्ये बेनागडियाचे ठाणे उभारले. संताळांचा 'हूल' हा उठाव १८५५ मध्ये सिद्धू-कान्हूंच्या नेतृत्वाखाली झाला, त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्धचा हा उठाव बंदुकांनी चिरडला गेला. त्यानंतर संताळ परगणा हा वेगळा जिल्हा निर्माण झाला. पण जमीन आणि कर्ज यांचा जाच संपला नाही. पराभूत समाजात नव्या शब्दाला जागा होते, हे खरे. मात्र तो शब्द एकटा मिशनऱ्यांचाच नव्हता. १८७०च्या दशकाच्या आरंभी भगीरथ माझी यांच्या पुढाकाराने खेरवार चळवळ उभी राहिली. तिनेही शुद्धाचरणाचा आणि एकाच देवाच्या उपासनेचा आग्रह धरला. त्या देवाला रामचांदो म्हटले. म्हणजे कोलेयान सांगत होता आणि स्क्रेफ्सरूद लिहीत होता, त्याच सुमारास संताळ समाज आपण कोण, आपला देव कोणता, हे प्रश्न स्वतःच विचारू लागला होता. मिशनचा इतिहास लिहिताना ही बाजू बहुधा सुटते; सारे कर्तेपण बाहेरून आलेल्या माणसाकडे जाते.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू. कोलेयानच्या कथनात आरंभी सर्वत्र पाणीच आहे. हंसजातीच्या दोन पक्ष्यांना टेकायला जमीन नाही. गांडूळ आणि कासव यांच्या साहाय्याने पृथ्वी वर येते. पक्ष्यांच्या अंड्यांतून पिलचू हाडाम आणि पिलचू बुढी ही पहिली माणसे जन्मतात. ती हिहिडी-पिपिडी येथे राहतात. तेथे लिता येतो. लिता हे मारांग बुरू या थोर बोंग्याचेच खरे नाव. मी तुमचा आजा, असे तो सांगतो आणि त्यांना 'हांडी' हे धान्याचे मद्य करायला शिकवतो. त्यातला वाटा मारांग बुरूला अर्पण करून ती दोघे पितात, एकत्र झोपतात, आणि सकाळी त्यांना आपल्या नग्नतेची लाज वाटते. मग ती पानांनी अंग झाकतात.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाची ओळख असलेल्या वाचकाला येथे थबकावेच लागते. मोह पाडणारा, निषिद्ध वाटावे असे सेवन, लाज, पाने : हा क्रम ओळखीचा आहे. पुढे खोज-कामान येथे माणसे स्वैर होतात, ठाकूर कोपतो, सात दिवस सात रात्री अग्नीचा पाऊस पडतो आणि हाराता पर्वताच्या आश्रयाला गेलेले एक जोडपे तेवढे वाचते. तेव्हा ही कथा कोलेयानची की लेखणी धरणाऱ्याची, अशी शंका घेणे गैर नाही. अभ्यासकांनी ती घेतली आहे.

परंतु साम्य दिसताच प्रभाव गृहीत धरणे ही आपल्या तौलनिक अभ्यासाची जुनी खोड आहे. अग्नीच्या पावसाची कथा संताळांच्या भाषाभगिनी असलेल्या मुंडा लोकांतही आहे. 'सेंगेल-दा', म्हणजे अग्नीचे पाणी, हा त्यांच्या परंपरेतला शब्द. म्हणून या प्रसंगाचे मूळ बेनागडियाच्या मिशनपेक्षा मुंडा भाषाकुलाच्या सामायिक वारशात शोधणे अधिक युक्त ठरते. लिताच्या प्रसंगाचे थोडे वेगळे आहे. तेथे घटना बायबलशी जुळतात, पण परिणाम जुळत नाहीत. बायबलमध्ये लाजेनंतर शिक्षा येते, हद्दपारी येते. कोलेयानच्या कथेत लिताला कोणी शाप देत नाही; तो आजाच राहतो. हांडी पाप ठरत नाही, ती पूजेचा भाग होते. त्या जोडप्याला मुले होतात, मुलगे आणि मुली रानात भेटतात, जोड्या जमतात, आणि यापुढे भावाबहिणीत लग्ने होऊ नयेत म्हणून कुळे वाटून दिली जातात. हांसदा, मुर्मू, किस्कू, हेम्ब्रोम, मारांडी, सोरेन, टुडू ही कुळनावे अशी येतात. कथा पतनाकडे जात नाही. ती नातेव्यवस्थेकडे जाते. माझ्या मते कोलेयानचा आवाज संहितेच्या या दिशेतच ओळखू येतो. लेखनिकाला आपल्या सोयीचा शेवट हवा असता, तर तो त्याला फार कष्ट न करता मिळाला असता.

याचा अर्थ लेखनिक तटस्थ होता असे नव्हे. स्क्रेफ्सरूदचा हस्तक्षेप संहितेपेक्षा तिच्या अर्थनिर्णयात अधिक ठळक दिसतो. कोलेयानच्या कथनात ठाकूर हा आद्य निर्माता आहे. नित्य पूजा मात्र बोंग्यांची होते. यावरून स्क्रेफ्सरूदने असा सिद्धान्त मांडला की, संताळ मुळात एकाच देवाचे उपासक होते, पुढे ते त्याला विसरले. तेव्हा ख्रिस्ती होणे म्हणजे परधर्म स्वीकारणे नसून पूर्वजांच्या देवाकडे परतणे होय. त्याने आपल्या चर्चमध्ये देवासाठी 'ठाकूर' हाच शब्द रूढ केला. या मांडणीतली गोम अशी, की 'ठाकूर' हा शब्द मुंडा कुळातला नाहीच. तो शेजारच्या आर्य भाषांतून आलेला आहे. अस्सल, आद्य, विस्मृत अशा देवाचे नाव उसने निघावे, हे त्या सिद्धान्ताला अडचणीचे होते. मराठीत धर्मग्रंथ आणताना 'देव', 'परमेश्वर', 'प्रभू' यांतले काय घ्यावे याची चर्चा झाली. पण तेथे निदान सर्व शब्दांना लिखित परंपरेचे वजन होते. संताळीत जो शब्द छापला जाई, त्याला ते वजन छपाईनेच येई.

भाषेच्या अंगाने हे काम किती अवघड होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जेरेमाया फिलिप्स यांनी १८५२ मध्ये बंगाली लिपीत संताळीचा परिचयग्रंथ काढला होता. संताळीत शब्दाच्या अंती काही व्यंजने अर्धवट अडवली जातात; जीभ किंवा ओठ जागेवर पोचतात, पण श्वास सुटत नाही. बंगालीत वा देवनागरीत यासाठी सोय नाही. स्क्रेफ्सरूदने १८७३ च्या आपल्या व्याकरणात जर्मन पंडित लेप्सियस यांच्या पद्धतीची, चिन्हे जोडलेली रोमन लिपी वापरली. व्याकरणातली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो भेद आहे, तो संताळीतही आहे : 'आले' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, 'आबो' म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, शिवाय दोघांपुरती द्विवचने निराळी. प्रार्थनेत देवाला उद्देशून बोलताना पहिले रूप अपरिहार्य, कारण प्रार्थना करणाऱ्यांत देव धरता येत नाही. पण गावकऱ्यांसमोर प्रवचन करताना काय वापरायचे? परका माणूस 'आबो' म्हणतो तेव्हा तो स्वतःला होडांत मोजतो, 'आले' म्हणतो तेव्हा समोरच्याला बाहेर ठेवतो. इंग्रजीत उतरताना हा भेद पुसला जातो. म्हणूनच या पुस्तकाचा अभ्यास केवळ पाउल ओलाफ बोडिंग यांच्या इंग्रजी भाषांतरावर करणे धोक्याचे आहे. (ते भाषांतर बोडिंग यांच्या निधनानंतर १९४२ मध्ये स्टेन कोनो यांच्या संपादनाखाली ऑस्लो येथे प्रसिद्ध झाले. मराठी भाषांतर थेट संताळीवरून व्हावे, ही माझी जुनी इच्छा. 'आम्ही-आपण' जाणणारी भाषा या कामाला इंग्रजीपेक्षा निश्चितच अधिक लायक आहे.)

स्क्रेफ्सरूदला जे चर्च हवे होते ते युरोपीय नव्हे, संताळ. धर्मांतरितांनी आपली कुळनावे ठेवली, भजनांना संताळी चाली घेतल्या, प्रचाराचे काम संताळांनीच गावोगाव करावे असा प्रयत्न झाला. १८८१ मध्ये आसामच्या गोआलपाडा भागात ख्रिस्ती संताळांची वसाहत स्थापन झाली. आज दुमका येथे मुख्य कार्यालय असलेले नॉर्दर्न इव्हँजेलिकल लुथेरन चर्च ही त्याच मिशनची उत्तराधिकारी संस्था. मात्र बोंगापूजा आणि हांडी यांना या चर्चमध्ये थारा नव्हता. येथे एक विलक्षण विसंगती उभी राहते. ज्या छापखान्यातून हांडीचा निषेध करणारी पत्रके निघू शकत होती, तेथूनच आजाने पहिल्या जोडप्याला हांडी कशी शिकवली, याची कथा ग्रंथबद्ध झाली. सोहराय, बाहा हे सण ज्यांनी सोडले, त्यांच्याच हाती त्या सणांचे सविस्तर वर्णन आले. आणि ज्यांनी ते सोडले नाहीत, ते संताळही पुढे परंपरेचा आधार म्हणून याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागले. मौखिक परंपरेत एकाच कथेची गावागणिक निराळी रूपे नांदतात. छापील रूप मात्र प्रमाण होऊन बसते. कोलेयान हा अनेक गुरूंपैकी एक होता. त्याच्या पाठाखेरीजचे पाठ मागे पडले, ही या उपक्रमाची खरी किंमत आहे, आणि ती मिशनविरोधकांच्या वा समर्थकांच्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

आपल्या विदर्भाशी निगडित असे एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. नागपूरला काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाकडून मिळवले. हिस्लॉप यांच्या १८६३ मधील अपमृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु ते प्रसिद्ध झाले ते इंग्रजी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, अभ्यासकांसाठी. कोलेयानची कथा संताळीत छापली गेली आणि संताळांनी वाचली. हा फरक लहान नाही.

बोडिंग (१८६५-१९३८) यांच्या काळात हे काम पुष्कळ विस्तारले. संपूर्ण संताळी बायबल १९१४ मध्ये पुरे झाले. लोककथांचे तीन खंड १९२५ ते १९२९ या काळात, तर शब्दकोशाचे पाच खंड १९२९ ते १९३६ या काळात निघाले. या लोककथांपैकी बहुसंख्य कथा सागराम मुर्मू या संताळ सहकाऱ्याने गोळा करून आपल्या हाताने लिहिल्या. येथे सांगणारा आणि लिहिणारा पुन्हा एकाच समाजातले झाले. पण मुखपृष्ठावरचे मुख्य नाव बोडिंग यांचेच राहिले.

लिपीचा प्रश्न मात्र मिशनने सोडवला तसा राहिला नाही. मयूरभंजच्या रघुनाथ मुर्मू (१९०५-१९८२) यांनी १९२५ मध्ये ओल चिकी ही स्वतंत्र लिपी तयार केली आणि तीत नाटके, पाठ्यपुस्तके लिहिली. अडवलेल्या व्यंजनांची सोय तीत मुळापासून आहे. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने संताळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाल्यावर लिपीचा वाद अधिक तीव्र झाला. ओल चिकीचे समर्थक रोमन लिपीकडे मिशनची खूण म्हणून पाहतात. रोमनचे समर्थक, ज्यांत ख्रिस्ती संताळ बरेच आहेत, दीडशे वर्षांचे छापील साहित्य याच लिपीत आहे याकडे लक्ष वेधतात. कोलेयानची कथा त्याच साहित्यातली आहे. सागराम मुर्मूंच्या हस्ताक्षरातली पाने ऑस्लोच्या ग्रंथसंग्रहात आहेत. त्यांची सूची १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पानांवरील मजकूर आणि बोडिंग यांनी छापलेल्या कथा यांची ओळ-ओळ ताडून पाहणे हे संताळी जाणणाऱ्या अभ्यासकाचे काम आहे, आणि कोलेयानच्या बाबतीत जे आपल्याला संहितेच्या दिशेवरून ताडावे लागते, ते तेथे कागदावर पाहता येईल.