कार्बन नॅनोट्यूबने पाणी शुद्ध होते का?

‘नॅनो कार्बन’ असे लिहिलेला वॉटर फिल्टर घ्यावा का, असा प्रश्न हल्ली रुग्ण विचारतात. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या पाण्यात नेमके काय आहे?

पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक पातळ थर. असा एक थर गुंडाळून सुरळी केली अशी कल्पना करा. ती झाली कार्बन नॅनोट्यूब. एकपदरी नळीचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर असतो, तर आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड. नळ्या इतक्या बारीक असल्याने चिमूटभर पदार्थालाही प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि त्याला प्रदूषक चिकटतात. रंगद्रव्ये, काही कीटकनाशके, औषधांचे अंश असे सेंद्रिय पदार्थ सहज धरले जातात. शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंसाठी मात्र नळ्यांवर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. पाणी आम्लधर्मी असेल तर ही पकड ढिली पडते.

२००४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ आणि अमेरिकेतील रेन्सलिअर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा नळ्यांचा फिल्टर बनवला. त्याने ई. कोलाय जिवाणू तर अडवलेच, पण अवघ्या २५ नॅनोमीटरचा पोलिओचा विषाणूही अडवला. शिवाय तो स्वच्छ करून पुन्हा वापरता येत होता. प्रयोग सुंदरच होता. पण प्रयोगशाळेतला फिल्टर आणि स्वयंपाकघरातला फिल्टर यांत बरेच अंतर असते.

मुख्य काळजी आहे ती नळ्या फिल्टरमधून सुटण्याची. २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ नळ्या सोडल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी दिसल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या एका प्रकाराला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ (गट २ब) ठरवले. हा धोका प्रामुख्याने श्वासावाटे, म्हणजे त्या पावडरीत काम करणाऱ्यांना. तरीही पिण्याच्या पाण्यासाठी नळ्या पडद्यात घट्ट बसवलेल्या हव्यात. विक्रेत्याकडे त्याचा चाचणी अहवाल मागा. ‘नॅनो’ या शब्दावर जाऊ नका. नेहमीच्या फिल्टरमध्ये बहुतेक वेळा साधा ॲक्टिव्हेटेड कार्बनच असतो. तो वास, क्लोरीन आणि बरीच सेंद्रिय रसायने उत्तम काढतो. फक्त कार्ट्रिज वेळेवर बदला, कारण भरलेला कार्बन काही धरत नाही आणि त्यात जिवाणू वाढू शकतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. दातांवर डाग पडतात, पुढे हाडे-सांधे ताठरतात. साधा कार्बन फिल्टर फ्लोराइड काढत नाही, नायट्रेटही नाही. पाणी उकळून तर यांचे प्रमाण उलट थोडे वाढते, कारण पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. फ्लोराइडसाठी आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना लागतो, नायट्रेटसाठी आरओ.

बोअरचे पाणी पीत असाल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असून त्याला वरचे दूध देत असाल, तर नायट्रेटचा अहवाल येईपर्यंत त्या पाण्यात दूध कालवू नका. बाळाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा.