फ्रेम दरातील विसंगती

फ्रेम दरातील विसंगती म्हणजे चित्रफितीत दर सेकंदाला नोंदल्या गेलेल्या फ्रेमची, अर्थात स्थिरचित्रांची, संख्या आणि संपादन करणाऱ्या संगणकप्रणालीने गृहीत धरलेली संख्या यांतील तफावत. या तफावतीमुळे चित्र अडखळते, हालचाली जलद वा मंद होतात किंवा ध्वनी आणि चित्र यांची फारकत होते. घरगुती चित्रफितीत हा दोष खपून जातो; लोककलेच्या चित्रीकरणात मात्र मूळ नोंदच खोटी ठरते.

पार्श्वभूमी

चित्रपटाचा रूढ दर सेकंदाला २४ फ्रेम, भारतीय दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीचा २५ आणि अमेरिकेतील एनटीएससी या रंगीत प्रक्षेपणपद्धतीचा २९.९७ असा आहे. बहुतेक मोबाइल ३० फ्रेमच्या आसपास चित्रण करतात.

मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवला जात असल्याने दर निश्चित नव्हता. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात. त्यामुळे सेकंदाला १६ फ्रेम या गतीने तो तासाभराहून किंचित अधिक वेळ चालेल, तर २४ च्या गतीने सुमारे ४१ मिनिटांत संपेल. मूकपटांतील माणसे तुरुतुरु चालताना दिसतात ती पुष्कळदा याच कारणाने. तो त्या काळच्या अभिनयाचा दोष नव्हे.

परिणाम

पालघर जिल्ह्यातील बोर्डी, डहाणू, तलासरी या पट्ट्यात वारली समाजाचे तारपा नृत्य होते. तारपावादकाभोवती नर्तक फेर धरतात आणि वादनाची चाल बदलली की पावलेही बदलतात. अशा नृत्याचे १० मिनिटांचे चित्रण मोबाइलवर ३० फ्रेम दराने केले आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ठेवले, अशी कल्पना करू. प्रणालीने कालावधी कायम राखला, तर ती दर सहावी फ्रेम गाळते. वादन बिनचूक राहते, पण फेर सेकंदाला पाच वेळा हिसका घेतो. याउलट, चित्रणाचा दरच २५ मानला गेला, तर १८,००० फ्रेम १२ मिनिटे चालतात. वादन थांबल्यावरही नर्तक दोन मिनिटे निःशब्द नाचत राहतात. त्यावर उपाय म्हणून ध्वनीही ताणला, तर लय मंदावते आणि पुढे ते चित्रण अभ्यासणाऱ्याच्या हाती चुकीची लय पडते. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण तो पाहताना खटकत नाही.

निदान व दुरुस्ती

ध्वनी आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच अंतराने मागेपुढे असेल, तर दोष फ्रेम दराचा नसतो. ध्वनिपट्टी सरकवली की भागते. अंतर एकसारखे वाढत असेल, तर दर चुकीचा वाचला गेला आहे. २९.९७ ऐवजी ३० धरल्यास १० मिनिटांत ०.६ सेकंदाचा फरक पडतो आणि तो ओठांच्या हालचालींत सहज जाणवतो. अंतर अनियमितपणे वाढत असल्यास दर बदलता असण्याचा संभव असतो. संध्याकाळच्या मंद प्रकाशात अनेक मोबाइल आपोआप दर कमी करतात. अशा वेळी ध्वनी सरकवणे व्यर्थ ठरते, कारण एक जागा जुळवली की दुसरी बिघडते.

फाइलचा खरा दर मीडियाइन्फोसारख्या साधनाने तपासता येतो. बदलता दर असल्यास संपादनापूर्वी हँडब्रेक किंवा एफएफएमपेग वापरून स्थिर दराची प्रत करतात. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. दर केवळ चुकीचा वाचला गेला असेल, तर दा विंची रिझॉल्व्हमधील ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’ किंवा प्रीमियर प्रोमधील ‘इंटरप्रिट फुटेज’ येथे तो दुरुस्त करता येतो. बहुतांश चित्रण ३० फ्रेमचे असेल, तर टाइमलाइनही आरंभीच ३० ची ठेवणे श्रेयस्कर; काम सुरू झाल्यावर हा बदल करणे अवघड जाते.

दिव्यांच्या उजेडात चित्रावर सरकणारे पट्टे हा निराळा दोष आहे, तरी तो पुष्कळदा याच सदरात टाकला जातो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. चित्रीकरणाच्या वेळीच शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हे पट्टे टळतात.