पदवी एक, नोकरी दुसरी

पदवी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची आणि नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत! कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना अनेक तरुणांना हीच तफावत डाचते. वास्तविक २०१५ साली सुरू झालेल्या 'एक्सप्रेस एन्ट्री' पद्धतीत शिक्षणाचे गुण पदवीच्या पातळीवर मिळतात, विषयावर नव्हे. अनुभव मोजतात तो प्रत्यक्ष कामावरून. हुद्द्याचे नाव भारदस्त असून भागत नाही. म्हणून कंपनीच्या पत्रात कामाचे स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास आणि पगार स्पष्ट लिहून घ्यावेत. डॉक्टर, परिचारिका यांना तिथे प्रॅक्टिससाठी प्रांताचा वेगळा परवाना लागतो. पदवीशी जुळावे म्हणून खोटे काम दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. लबाडी उघडकीस आली, तर ५ वर्षे कॅनडाचे दार बंद!