प्रोग्रॅम चालला, टिकेल का?

१९ जुलै २०२४ रोजी हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या हातात विमान कंपनीने चक्क पेनाने लिहिलेला बोर्डिंग पास ठेवला. त्या दिवशी देशातल्या अनेक विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा ठप्प झाली होती. परदेशात रुग्णालये, बँका आणि वृत्तवाहिन्यांचीही तीच गत होती. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने एक अपडेट पाठवले आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. कंपनीने पुढे कारण जाहीर केले. एका नियमात २१ मूल्ये धरली होती, पण ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला २० मूल्येच पुरवली जात होती. न मिळालेले एकविसावे मूल्य वाचायला गेलेला प्रोग्रॅम मेमरीत भलतीकडे पोहोचला आणि संगणकच कोसळला.

ॲरेच्या, म्हणजे ओळीने साठवलेल्या मूल्यांच्या, हद्दीबाहेर जायचे नाही, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी भाषा शिकणाऱ्या मुलालाही सांगितलेले असते. मग निष्णात अभियंत्यांच्या नजरेतून ते सुटले कसे? तपासणीच्या वेळी त्या एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असाच निकष दिलेला होता, म्हणून ते मूल्य वाचायची वेळच आली नव्हती. शिवाय आधी थोड्या संगणकांवर पाठवून अंदाज घेण्याऐवजी ते अपडेट एकदम सगळीकडे गेले. म्हणजे कोड लिहिता येत नव्हता, असे नाही. कोड लिहून झाल्यावर जे करायचे असते, त्यात कसर राहिली. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पदवीत खरोखर शिकायचे असते ते हेच, आणि प्रवेश घेणाऱ्या बहुतेक घरांत नेमकी याचीच चर्चा होत नाही.

महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीचा निकाल लागला, की कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म भरताना घराघरांत ‘कॉम्प्युटर मिळेल का?’ हा प्रश्न सुरू होतो. ते नाही तर आयटी, तेही नाही तर एआय-डीएस. नावातच ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ असलेली पदवी देशात थोड्या ठिकाणी आहे. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत ती बी.टेक.ची स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे हा अभ्यास प्रामुख्याने कॉम्प्युटर किंवा आयटीच्या बी.ई., बी.टेक.मधून होतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली मुले थेट दुसऱ्या वर्षाला येतात आणि प्रॅक्टिकलमध्ये बऱ्याचदा बारावीवाल्यांच्या पुढे असतात. कट-ऑफ किती आणि पॅकेज किती, एवढे सगळ्यांना माहीत असते. मधल्या चार वर्षांत काय असते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिले वर्ष, मुलांच्या भाषेत एफई, अनेकांचा हिरमोड करते. कॉम्प्युटरला आलो आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंजिनीअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप कशासाठी, असे त्यांना वाटते. गणिताच्या पेपरांचा धाक तर प्रत्येक कॉलेजात असतो आणि त्यात केटी लागलेले विद्यार्थी पुढची दोन वर्षे ते ओझे वाहतात. त्यातले कलन आणि मॅट्रिक्स पुढे ग्राफिक्सला आणि मशीन लर्निंगला लागतात. पण हे त्या वर्षी कोणी फारसे समजावून सांगत नाही, आणि ती उणीव शिकवण्याची आहे, विद्यार्थ्यांची नाही.

अभ्यासाला खरा रंग चढतो तो दुसऱ्या वर्षी, डेटा स्ट्रक्चर्सपासून. दहा लाख नावांची यादी आहे आणि त्यातले एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून एकेक नाव पाहत गेले, तर दुर्दैवाने दहा लाख वेळा पाहावे लागेल. तीच यादी वर्णानुक्रमे लावलेली असेल, तर मधले नाव पाहायचे, आपले नाव अलीकडे की पलीकडे ते ठरवायचे आणि उरलेली निम्मी यादी सोडून द्यायची. असे करत गेले, की जास्तीत जास्त २० वेळा पाहून काम होते, कारण एकाला वीस वेळा दुप्पट केले की दहा लाखांच्या वर जाते. यंत्र तेच, भाषा तीच; फरक फक्त मांडणीचा. हा फरक एकदा डोक्यात बसला, की विद्यार्थी प्रोग्रॅमकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. चालतो का, याच्या जोडीला माहिती हजारपट झाली तर चालेल का, हा प्रश्न त्याला आपोआप पडतो.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे टीईला, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे विषय येतात. कागदावर ते रुक्ष दिसतात, पण रोजच्या जगण्याशी त्यांचा थेट संबंध आहे. रेल्वेच्या एसी डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता उघडते. त्या क्षणी एकाच बर्थसाठी नाशिकहून आणि नागपूरहून दोघांनी बटण दाबले, तर बर्थ एकालाच मिळाला पाहिजे आणि दुसऱ्याला तसे स्पष्ट कळले पाहिजे. यूपीआयने पैसे पाठवताना एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि मध्येच नेटवर्क गेले, तर रक्कम समोरच्या खात्यात तरी पोहोचली पाहिजे किंवा मूळ खात्यात तरी परत आली पाहिजे. अधांतरी राहून चालत नाही. व्यवहार पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, या हमीसह चार गुणांना थियो हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये ‘ॲसिड’ हे संक्षिप्त नाव दिले. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो आणि मुले चार अक्षरांचे चार अर्थ पाठ करून येतात. तत्काळचे उदाहरण घेऊन तोच विषय शिकवला, तर पाठ करायची गरज उरत नाही.

एकाच वेळी दोन कामे चालू असताना त्यांचा क्रम बिघडला, तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण थेराक-२५ या यंत्राचे आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा दिली. त्यातल्या काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांमध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून विजेचे आणि यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काम मुख्यतः सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. सराईत ऑपरेटरने पडद्यावर भरलेली माहिती काही सेकंदांत दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. हळू टाइप करणाऱ्यांच्या हातून हा दोष दिसलाच नाही. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरातल्या वर्गांत तो आजही शिकवला जातो, आणि तो आपल्याकडच्या प्रत्येक वर्गात पोहोचायला हवा.

अभ्यासक्रमात ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ याच नावाचा एक विषयही असतो. खेदाची गोष्ट ही, की सगळ्या पदवीचा गाभा असलेला हा विषय ‘थिअरी आहे, आदल्या रात्री होतो’ म्हणून बाजूला टाकला जातो. त्याचा जन्म मात्र मोठ्या अडचणीतून झाला. १९६० च्या दशकात यंत्रे झपाट्याने मोठी होत गेली आणि त्यांच्यासाठी लिहिले जाणारे प्रोग्रॅम उशिरा, खर्चाच्या बाहेर आणि दोषांसह हाती येऊ लागले. ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने जर्मनीतल्या गार्मिश इथे सुमारे ५० तज्ज्ञांना एकत्र बोलावले. सॉफ्टवेअरचे हे संकट कसे हाताळायचे, यावर तिथे खल झाला आणि या ज्ञानशाखेचे नाव तिथून रूढ झाले. आयबीएमची ओएस/३६० ही अवाढव्य प्रणाली उभारताना आलेल्या अनुभवांवर फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली, की तो आणखी लांबतो, हे त्यांचे निरीक्षण आजही प्रत्येक कंपनीत अनुभवाला येते, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो.

याच विषयात मुले ‘वॉटरफॉल मॉडेल’ची आकृती घोटतात: आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग तपासणी, एकाखाली एक पायऱ्या. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी तशी आकृती असलेला निबंध लिहिला, पण त्याच निबंधात त्यांनी अशा सरळ उतरत्या पद्धतीने काम करणे जोखमीचे असल्याचा इशाराही दिला होता. आकृतीला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि इशारा वर्गात पोहोचतच नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी मांडलेला ‘अजाइल’ जाहीरनामाही असाच मुद्द्यांत पाठ होतो. थोडे बनवावे, वापरणाऱ्याला दाखवावे, त्याचे ऐकून बदलावे, ही त्यातली मूळ गोष्ट प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही.

ती करून पाहण्याची जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. चार जणांचा ग्रुप, गाइड, सिनॉप्सिस, रिव्ह्यू आणि शेवटी जाडजूड बांधीव रिपोर्ट, ज्याला मुंबईत ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. इथे विद्यार्थ्याला प्रथमच दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचावा लागतो, वाद घालावा लागतो, आपला भाग दुसऱ्याच्या भागाशी जुळवावा लागतो. चौघांचा कोड एकमेकांवर न उलटता एकत्र ठेवण्यासाठी गिट हे साधन आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी बनवले. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद त्यात राहते, त्यामुळे काम कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हेही लपत नाही.

पण याच टप्प्यावर अनेक शहरांत रेडीमेड प्रोजेक्ट विकणारी दुकाने गाठली जातात. पैसे मोजले, की कोड, रिपोर्ट आणि ओरलला विचारले जाणारे प्रश्न असा संच मिळतो. यात विद्यार्थ्याचे नुकसान गुणांचे होत नाही. चार वर्षांत चुकण्याची आणि ती चूक शोधण्याची जी एक मोठी संधी होती, ती जाते. अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९९६ मध्ये तिथला पहिला सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तिथे शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांचे गट बाहेरच्या खऱ्या संस्थांसाठी काम करतात. आपल्याकडे गावोगावी पतपेढ्या, वाचनालये, दूध संस्था आणि ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या कामातली एखादी अडचण चार विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून सोडवली, तर त्या संस्थेचा फायदा होईलच, शिवाय वापरणारा माणूस कसा विचार करतो, हे मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा नीट कळेल.

वापरणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष झाले, तर काय होते, ते ब्रिटनने पाहिले. तिथल्या टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे शाखांच्या खात्यांत पैसे कमी दिसत. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. संगणक चुकणार नाही, या भरवशावर निरपराध माणसांचे संसार उद्ध्वस्त झाले. ते डाग पुसायला २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला. व्यवसायातल्या नीतीचा तास आपल्याकडे अनेकदा मोकळा जातो. हे प्रकरण त्या तासाला शिकवले, तर कोणी उठून जाणार नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे आणखी एक चढ असतो. विषय कळलेला असतो, पण ओरलला इंग्रजीत सांगताना जीभ अडखळते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट मोकळी केली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने कॉम्प्युटरची पदवी मराठीतून सुरू केली. तांत्रिक संज्ञा इंग्रजी राहतात. समजावणे, विचारणे आणि उत्तर लिहिणे मराठीत होते. पहिल्या बाकावर बसणाऱ्या चार जणांच्या पलीकडे प्रश्न विचारले जावेत, यासाठी इतर कॉलेजांतही वर्गात मराठी बोलली जाणे महत्त्वाचे आहे.

आता कोड लिहून देणारी एआयची साधने आली आहेत. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आले, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी. असाइनमेंटचा प्रोग्रॅम मिनिटभरात तयार मिळतो, तेव्हा ही पदवी हवी कशाला, असे पालक विचारू लागले आहेत. पण तयार मिळालेला कोड वाचणे, तो कुठे फसेल ते ओळखणे, त्यासाठी अवघड चाचण्या रचणे आणि तो नापास झाला तर का झाला हे शोधणे, ही कामे माणसाकडे राहतात आणि वाढतात. एकविसावे मूल्य कुठे आहे, हे विचारायला डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम पक्की लागते.

म्हणून कॉलेज निवडताना पॅकेजच्या फलकाबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला संगणक मिळतो की तिघांत एक? जर्नल उतरवून घेतात की प्रोग्रॅम समोर चालवून प्रश्न विचारतात? प्रोजेक्ट गिटवर ठेवतात का, आणि त्यातला एखादा खरोखर वापरात आहे का? इंटर्नशिप कधी आणि किती महिन्यांची? ही उत्तरे तिथे शिकणाऱ्या टीई-बीईच्या मुलांकडून सर्वांत खरी मिळतात. सीईटी आणि प्रवेश यांच्या मधले आठवडेही वाया घालवायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे सी, पायथन आणि लिनक्स यांचे पाठ मराठी आवाजात, विनामूल्य उपलब्ध आहेत.