पत्र्यावरचा दगड आणि तीन टनांचा वारा

चैत्र-वैशाखात भिंगारच्या माळावर वावटळ उठते, धूळ-पाचोळा गरगरवत वर नेते आणि दोन-चार मिनिटांत विरून जाते. ती तापलेल्या जमिनीतून वर चढते, डोक्यावर ढग नसला तरी चालतं. टोर्नाडोचं उलट असतं. गडगडणाऱ्या मेघाच्या पोटात वारा फिरू लागतो आणि सोंडेसारखा खाली उतरून जमिनीला टेकतो.

आपल्या शेजारच्या बांगलादेशात, माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात, २६ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी असा एक टोर्नाडो उतरला. त्याआधी कित्येक महिने तिथे दुष्काळ होता. ढग आल्याचा आनंद काय असतो, हे नगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याच ढगाने सुमारे १,३०० माणसं नेली. जवळपास १२,००० जखमी झाले आणि ८०,००० बेघर. वानखेडे स्टेडियम दोनदा भरूनही माणसं उरतील, इतके बेघर!

त्याची वाट सुमारे ८० किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक रुंद होती. हेच आपल्याकडे मोजून पाहा. नगर आणि भिंगारच्या मध्ये असलेल्या भुईकोट किल्ल्याला बाहेरून पूर्ण फेरी मारली, तर साधारण तेवढी रुंदी होते. लांबीसाठी भिंगारहून पुण्याच्या रस्त्याला लागायचं, सुपे, शिरूर, रांजणगाव मागे टाकायचं आणि शिक्रापूरला थांबायचं. एवढ्या पट्ट्यातल्या साधारण ६ चौरस किलोमीटरमध्ये तर घर आणि झाड म्हणून जवळपास काही उभं राहिलं नाही.

बंगालच्या उपसागरावरचा दमट वारा खालून येतो, पश्चिमेचा कोरडा, तापलेला वारा त्यावर पसरतो आणि त्याहून वर वाऱ्याची दिशा व वेग झपाट्याने बदलतात, म्हणून तिथला मेघ फिरू लागतो. आपला वळीवही जोरदार असतो, पण हा तिहेरी योग आपल्याकडे सहसा जुळत नाही.

म्हणून आपण निर्धास्त राहावं का? नाही. छप्पर उडायला टोर्नाडो लागतच नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. खरी भीती या हिशेबात आहे. दहा फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा वाऱ्याला आडवा धरला, तर ताशी ६० किलोमीटरच्या झोताला त्यावर ढोबळमानाने ५० किलोंचा जोर पडतो. १२० ला २०० किलो. २४० ला ८०० किलो. आणि ४८० ला तीन टनांहून जास्त, एका पत्र्यावर! अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये ३ मे १९९९ च्या टोर्नाडोत रडारने ४८० हूनही अधिक वेग मोजला आहे.

छपरावरून वारा जातो तेव्हा तो पत्र्याला वर ओढतो, उघड्या दारातून आत शिरलेला वारा खालून ढकलतो, आणि कडेच्या पत्र्यांवर हा ताण सगळ्यात जास्त असतो. आता आपल्या वस्त्यांमधली छपरं पाहा. पत्र्यावर दगड, जुने टायर, फार तर सिमेंटचा एखादा ठोकळा. पंधरा-वीस किलोंचा दगड दोनशे किलोंच्या झोतापुढे काय टिकणार? उलट पत्रा उडाला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो.

वळीव सुरू होण्याआधी एक सकाळ काढा. कडेचे पत्रे आधी तपासा. गंजलेले जे-हूक बदला, डांबरी वायसर घालून ते आवळा, छपराचे पाइप भिंतीला पक्के बांधून घ्या. आणि दगड खाली उतरवा.