पंधरा हजारांत चार पंखे

दिवाळीच्या सुटीत मुलांना ड्रोन घेऊन द्यायचा म्हणणारे पालक वाढलेत, त्यांच्यासाठी काहीतरी लिहा, असं संपादक म्हणाले. कोणता घ्यावा, कितीला पडतो, कुठं मिळतो, एवढीच अपेक्षा असावी. पण दुकानांत शिरण्याआधी मी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि दुकानं बाजूलाच राहिली.

तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर लाल-पांढऱ्या भुजांचा एक सांगाडा होता. मुलं त्याला ‘एफ फोर-फिफ्टी’ म्हणतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर, म्हणून हे नाव. मूळ रचना डीजेआय या चिनी कंपनीची. बाजारात मिळतात त्या बहुतेक तिच्या नकला, आणि नक्कल असूनही चालतात. दोन भुजा लाल आणि दोन पांढऱ्या असतात त्या शोभेसाठी नाही. यंत्र उंच गेलं की त्याचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे खालून ओळखायला तेवढाच आधार असतो. आपटून भुजा मोडली तर दीडशे रुपयांच्या आत नवी मिळते. पहिल्या क्वाडकॉप्टरसाठी हा सांगाडा इतकी वर्षं टिकून राहिला तो मुख्यतः या दीडशे रुपयांमुळे.

चार पंख्यांचं यंत्र तसं जुनंच. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे यांचं यंत्र माणसासकट जमिनीपासून जरासं उचललं गेलं, मात्र चार कोपऱ्यांवर चार माणसं ते सावरून धरत होती. १९२४ मध्ये एतिएन एमिशेननं अशाच यंत्रातून एक किलोमीटरची फेरी पुरी केली. पुढं हेलिकॉप्टर आलं आणि ही रचना मागं पडली, कारण चार पंख्यांचा तोल क्षणोक्षणी सांभाळणं माणसाच्या हातांना झेपणारं नव्हतं. त्या कामाला लागणारा जायरो, म्हणजे फिरणं ओळखणारा सेन्सर, मोबाईल आणि व्हिडिओ गेममुळे नखाएवढा झाला, स्वस्त झाला, आणि हौशी लोक कामाला लागले. २०१० च्या सुमारास अलेक्झांद्र द्युब्यू या फ्रेंच गृहस्थानं निन्टेंडोच्या गेमचा सेन्सर काढून आर्डुइनोच्या छोट्या बोर्डाला जोडला. त्यातून ‘मल्टीवी’ ही प्रणाली उभी राहिली. नॉर्वेच्या रॉल्फ बाके यानं ‘केके’ नावाचा कंट्रोल बोर्ड केला. आपल्याकडे बहुतेकांनी क्वाडकॉप्टर पहिल्यांदा पाहिला तो २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये. तो पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीनं पुरवला होता. इतिहास एवढा पुरे.

टेबलाची मालकीण तिसऱ्या वर्षाला आहे, बारामतीकडची. पहिल्या वर्षाची मुलं तिला ताई म्हणतात. नाव छापू नका म्हणाली, “घरी वाटतंय मी गेटची तयारी करतेय.” तिच्या हाताखालून दर वर्षी नवख्यांचे क्वाड जातात, म्हणजे जोडलेले येतात आणि मोडलेले परत येतात. तिच्याकडे वहीत लिहिलेला हिशेब होता. फ्रेम नऊशेच्या आसपास. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी, अशा चार जोड्या साडेतीन हजार. केके बोर्ड अठराशे. बॅटरी अठराशे. साधा चार्जर सहाशे. रिसीव्हरसह फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलचा रिमोट पाच हजार. पंखे, वायर, कनेक्टर आणि चिकटपट्ट्या मिळून हजारभर. पंधरा हजारांच्या आत बसतं. भाव महिन्यागणिक हलतात, पुण्याच्या तपकीर गल्लीत एक आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुसरा असतो, तेव्हा हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

या यादीत कात्री कुठं लावायची, यावर ताईचं मत ठाम आहे आणि मला ते पटलं. मुलं कात्री लावतात रिमोटला आणि चार्जरला, कारण त्या वस्तू उडत नाहीत. आणि पैसे घालतात कॅमेऱ्यात किंवा जीपीएसमध्ये. “फ्रेम चार महिन्यांत बदलशील, मोटर वर्षभरात. रिमोट पाच वर्षं हातात राहणार आहे, त्याला पाचशे वाचवून काय मिळवलंस?” असं ती एका पोराला झाडत होती. शिवाय तोच रिमोट केबलनं कॉम्प्युटरला जोडून फुकटच्या सिम्युलेटरवर सराव करता येतो. ती नवख्याला दहा तास स्क्रीनवर पाडायला लावते आणि त्यानंतरच बॅटरीला हात लावू देते.

मग तयारच का घेऊ नये? खेळण्यातले दोन-तीन हजारांचे बंदिस्त ड्रोन मिळतात. पण त्यातली एक मोटर गेली की बहुतेक वेळा सगळंच कचऱ्यात. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारनं ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली, सुट्या भागांवर मात्र घातली नाही. त्यामुळे कमी पैशांत नीट शिकायचं तर सुटे भाग आणून जोडणं हाच आपल्याकडचा सरळ रस्ता उरतो. माझाही कौल जोडण्यालाच. पडल्यावर काय तुटलं हे ज्याला कळतं, तोच दुसऱ्यांदा उडवतो.

मी सर्वांत जास्त वेळ पंख्यापाशी रेंगाळलो. दहा इंच व्यासाचा, साडेचार इंच पिचचा काळा प्लॅस्टिकचा पंखा. दुकानात त्याला ‘दहा पंचेचाळीस’ म्हणतात. जोडीला शंभर-सव्वाशे रुपये. चारांतले दोन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलट. कर्णावरचे दोन एका दिशेचे, त्यामुळे एकमेकांचा पीळ मारला जातो आणि यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. वळायचं असेल तेव्हा एका कर्णाचा वेग वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा, की राहिलेला पीळ यंत्राला फिरवतो. पुढं जायचं तर मागच्या दोघांना जोर. या यंत्रात सुकाणू, शेपटीचा पंखा, कलणारी पाती यांतलं काहीही नसतं. असतात फक्त चार वेग. जायरोकडून कल कळला की बोर्ड सेकंदाला शेकडो वेळा हे चार वेग जुळवत राहतो.

आता हा स्वस्तातला पंखा साच्यातून येतो तेव्हा त्याची दोन पाती सारख्या वजनाची नसतात. फरक डोळ्यांना दिसत नाही. ताईनं पंख्याच्या भोकातून बारीक दांडी घातली, ती दोन चुंबकांच्या मधे टेकवली आणि हात काढून घेतला. एक पातं सावकाश खाली गेलं. तिनं सेलोटेपचा नखभर तुकडा वरच्या, म्हणजे हलक्या पात्याच्या पाठीवर चिकटवला. पुन्हा सोडला. आता दुसरं खाली. तुकडा काढला, कात्रीनं अर्धा केला, टोकाऐवजी मधोमध लावला. पंखा आडवा राहिला. मग तिनं बोटानं ढकलून उभा केला, तर उभाही राहिला. “सोडाल तिथं थांबला पाहिजे,” ती म्हणाली आणि पुढचा उचलला. तरंगत असताना हे पंखे मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्या मारतात. अर्ध्या ग्रॅमचा फरक राहिला तरी सगळी फ्रेम थरथरते, आणि त्या थरथरीत बोर्डाला खरा कल कुठला आणि खोटा कुठला ते उमगत नाही. मुलं मग बोर्डाच्या सेटिंगमध्ये आकडे फिरवत बसतात. दोष आकड्यांत नसतोच. महागडा बोर्ड घेऊनही हडबडणारे क्वाड मी तिथंच पाहिले, आणि केकेसारख्या जुन्या बोर्डावर हवेत मुकाट उभा राहिलेलाही पाहिला. केकेला ना जीपीएस ना उंची मोजणारा सेन्सर, पण त्याच्या छोट्या पडद्यावर सगळं दिसतं. लॅपटॉप लागत नाही, हा नवख्याला मोठाच फायदा.

मोटर फ्रेमवर बसवण्यातही एक खोच आहे. स्वस्तातल्या मोटरीबरोबर आलेले स्क्रू कधी कधी दोन-तीन मिलिमीटर लांब असतात. पूर्ण आवळले की टोक मोटरीच्या तळातून आत शिरून तांब्याच्या वेटोळ्याला टेकतं, तारेवरचं लाखेचं आवरण खरवडतं. बाहेरून काही कळत नाही. थ्रॉटल वाढवला की ईएससीतून धूर. म्हणून स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरचं एक टोक स्क्रूला आणि दुसरं मोटरीच्या वायरीला लावायचं. बीप वाजला तर स्क्रू काढा, वॉशर घाला किंवा कापा. पाच मिनिटांचं काम, पण उडवायच्या घाईत ते हमखास राहून जातं. मोटर उलटी फिरली तर मात्र घाबरायचं कारण नाही, तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. हे सगळं पंखे काढून. टेबलावर पंखा लावून मोटर तपासणाऱ्याला ताई वर्कशॉपमध्ये येऊ देत नाही.

खरी चिंता बॅटरीची. तीन सेलची, २२०० एमएएचची लिथियम पॉलिमर, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. सगळं धरून यंत्र किलोच्या थोडं वर जातं आणि ही बॅटरी त्याला सात-आठ मिनिटं हवेत ठेवते. पंधरा हजारांतून मिळतात ती एवढी मिनिटं, हे पालकांनी आधीच ऐकून ठेवावं. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की कायमचा खराब. पूर्ण भरून आठवडाभर ठेवली तरी बिघडते. ठेवायची तर ३.८ वर. फुगली, आपटून चेपली, चुकीच्या चार्जरवर लावली, तर पेटते, आणि ही आग पटकन आवरत नाही. हॉस्टेलच्या खोलीत, गादीशेजारी, रात्रभर चार्जिंगला लावून झोपणारी मुलं आहेत. चार्जरमध्ये सहाशे वाचवून मोबाईलचा अॅडॉप्टर जोडायचा प्रयोग करणारीही आहेत. माझ्यापुढे दोन फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या बादलीत पडल्या होत्या आणि त्या नेऊन टाकायच्या कुठं, याचं उत्तर वर्कशॉपमध्ये कुणाकडेच नव्हतं. बजेट लिहिताना चार्जिंगची अग्निरोधक पिशवी आणि सेल तपासणारा शे-दीडशेचा मीटर याच दोन ओळी गळतात. त्या बसत नसतील तर खरेदी दोन महिने पुढं ढकलावी.

आणि उडवायचं कुठं? २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सोपं केलं. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो; त्यावरचा, पण दोन किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही. एफ फोर-फिफ्टी मायक्रोत बसतो. पण आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे भाग पाडलेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच पिवळा म्हणजे परवानगीचा भाग. पुण्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. एकीकडे लोहगावचा विमानतळ, तोही हवाई दलाचा. दुसरीकडे खडकवासल्याची एनडीए. शिवाय खडकी आणि देहूरोडची कॅन्टोन्मेंट. मुलाच्या हातात क्वाड येतो आणि त्याच्या घराची गच्ची नेमकी लाल, म्हणजे मनाईच्या भागात असते. नकाशा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर असतो आणि बदलतो, म्हणून उडवण्याच्या दिवशी पुन्हा पाहायचा. किती जण पाहतात? वर्कशॉपमधल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी निम्म्यांनी हा नकाशा उघडलाच नव्हता. त्यांना दोष तरी किती द्यायचा, दुकानदार पावतीबरोबर त्याचा पत्ता देत नाही आणि शाळेत कुणी सांगत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिलं उड्डाण करण्याची चाल पडली आहे ती यातूनच. दहा इंची पंखा बोट कापतो, डोळा फोडू शकतो, आणि पार्किंगमध्ये लहान मुलं सायकली चालवत असतात. ताई शनिवारी सकाळी पोरांना एसटीनं शहराबाहेर, एका शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानात नेते. ढेकळांवर पडलं तर भुजा सहसा वाचते, असा तिचा अनुभव. ऊस उभा असेल तेव्हा मात्र तो रस्ताही बंद.

नियमांत एक सवलत अशी आहे जिचा फायदा फारसं कुणी घेताना दिसत नाही. सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना संशोधन आणि विकासासाठी, हिरव्या भागात, स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत, टाइप सर्टिफिकेट, ओळख क्रमांक आणि पायलट लायसन्स यांशिवाय ड्रोन उडवता येतो. हिरव्या भागातल्या कॉलेजांना म्हणून विनंती. ड्रोन लॅबचं उद्घाटन, फीत आणि फ्लेक्स यांवर खर्च करण्याआधी मैदानाच्या एका कोपऱ्यात क्रिकेटच्या सरावाची जाळी चारही बाजूंनी आणि वरून बांधा, बाहेर वाळूच्या दोन बादल्या ठेवा, आणि शनिवारी तो कोपरा आसपासच्या शाळांतल्या मुलांनाही उघडा करा. लाल भागातल्या कॉलेजांनी शेजारच्या हिरव्या भागातल्या कॉलेजाशी बोलून घ्यावं. ताईचं शेवटचं वर्ष पुढच्या जूनमध्ये सुरू होतंय. ती बाहेर पडण्याआधी तिच्याकडून पंखा तोलायला शिकून घेणारे दोन-चार जण तयार करायला तेवढाच वेळ हातात आहे.