मुख्य स्विच कोठे असावा?

जुन्या पोथ्या आणि नियतकालिकांची पाने आता प्रतिमांच्या रूपाने संगणकात साठवली जातात. संग्रह वाढला की एका संगणकाची जागा पुरत नाही. मग सर्व्हर आणि साठवणयंत्रे यांना जोडणारे स्वतंत्र जाळे, म्हणजे ‘स्टोरेज नेटवर्क’, उभारावे लागते. या जाळ्याचे सांधे म्हणजे स्विच. फायबर चॅनेल पद्धतीच्या जाळ्यात त्यांपैकी एक ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुख्य स्विच असतो.

नावावरून वाटते की सगळी माहिती त्याच्यातूनच जात असेल. तसे नाही. माहिती जवळच्या वाटेने जाते. मुख्य स्विचचे खास काम क्रमांक देण्याचे. प्रत्येक स्विचला तो १ ते २३९ यांपैकी एक वेगळा ‘डोमेन’ क्रमांक देतो. जोडलेल्या यंत्राच्या २४ बिटांच्या पत्त्यातील पहिले ८ बिट म्हणजे हाच क्रमांक. हजेरीपटावरचे क्रमांक वर्षाच्या मध्येच बदलले तर गुणपत्रिकांचा जसा घोळ होईल, तसाच येथे पत्त्यांचा होतो.

मुख्य कोण, हे स्विच आपसांत ठरवतात. ज्याचा प्राधान्य-अंक सर्वांत लहान, तो निवडला जातो. अंक सारखे असतील तर कारखान्यातून मिळालेले ‘वर्ल्डवाइड नेम’ ज्याचे सर्वांत लहान, तो. आपण काहीच ठरवले नाही, तर कोपऱ्यातला एखादा जुना, छोटा स्विचही मुख्य होऊन बसतो. तो दुरुस्तीसाठी बंद केला की पुन्हा निवड. बहुधा जुने क्रमांक टिकतात आणि काम चालू राहते. पण संपूर्ण फेररचनेची वेळ आली, तर सगळ्या जाळ्यातील वाहतूक थांबते.

म्हणून मुख्य स्विच जाळ्याच्या गाभ्यात असावा. तेथून इतर स्विच एका टप्प्यावर असतात, आणि गाभ्यातले यंत्र क्वचितच बंद केले जाते. त्याला सर्वांत लहान प्राधान्य-अंक द्यावा, गाभ्यातल्याच दुसऱ्या स्विचला त्याच्या खालोखालचा. सर्व स्विचचे डोमेन क्रमांकही कायमचे नेमून ठेवावेत. सुरक्षिततेसाठी दोन स्वतंत्र जाळी असतील, तर दोन्हींत ही व्यवस्था वेगवेगळी करावी लागते.

प्राधान्य बदलल्याने चालू मुख्य स्विच सहसा लगेच बदलत नाही. पुढच्या निवडीत बदलतो. म्हणून हा निर्णय संग्रह जोडण्यापूर्वीच घेतलेला बरा.